मिठाची बुढी पाह्यली का?

आमच्या जठारपेठेत सकाळी कोणी भेटलं तर लोक विचारतात चहा झाला का, नाहीतर नळ आले का. सुखदेवभाऊ फाटकावर उभे राहून विचारतात, "वैनी, मिठाची बुढी पाह्यली का?"

नवीन माणूस गडबडतोच. एकदा एक कुरिअरवाला पाकीट घेऊन आला, त्यालाही त्यांनी हेच विचारलं. बिचाऱ्यानं रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "नाही काका, इकडून तर कोणी म्हातारी गेली नाही."

मिठाची बुढी ही कोणी हरवलेली बाई नाही. ती एक फिल्म आहे. कोणत्या देशातली ते देव जाणे, पण समुद्राच्या काठी एक म्हातारी एकटी राहते आणि लाकडाच्या दांड्यानं दिवसभर मीठ ओढते. दीड तास मीठ ओढते. मध्ये एकदा तिची बकरी पळून जाते, एवढंच काय ते कथानक. शेवटी बकरी आपली आपण परत येते. सुखदेवभाऊंनी मला ती दोनदा दाखवली आणि दोन्ही वेळा बकरी आली तेव्हा टाळ्या वाजवल्या.

शिकलेले लोक असल्या फिल्मला डॉक्युमेंटरी म्हणतात. सुखदेवभाऊ म्हणतात, खरे पिच्चर. मग बाकीचे काय खोटे का, असं आमच्या ह्यांनी एकदा डिवचलं, तर म्हणाले, "भाऊसाहेब, त्या पिच्चरात मेलेला मानूस दुसऱ्या पिच्चरात पुन्हा जित्ता होते. याच्यात नाई होत." आमचे हे वादात सहसा हरत नाहीत. त्या दिवशी पेपर उघडून बसले.

आता हा माणूस कसा, तर अंगानं कापसाच्या वाळलेल्या पळाटीसारखा, डोक्याला पांढरी टोपी, पायजम्याची एक नाडी कायम बाहेर. मूळचे मूर्तिजापूरच्या बाजूचे. तिकडे त्यांची पेरूची बाग होती. पेरूला आम्ही वऱ्हाडात जांब म्हणतो. हात थकले तशी बाग भावाला दिली आणि मुलानं इथे फळांचं दुकान टाकलं म्हणून अकोल्याला आले. आमच्या भिंतीला त्यांची भिंत. शिकणं म्हणाल तर सही मराठीत आणि आकडे तोंडात. फिल्मांची नावं इंग्रजीत असतात, ती त्यांना वाचता येत नाहीत. म्हणून प्रत्येक फिल्मचं बारसं ते स्वतः करतात. मिठाची बुढी, घंटीवाला, बरफाचा रस्ता, उगीचची होडी. उगीचची होडी यासाठी, की तो माणूस आख्खी फिल्मभर होडी बनवतो आणि शेवटी ती पाण्यात टाकतच नाही.

टीव्हीवर या फिल्मा ते कसे शोधून काढतात हे मी बसून पाहिलेलं आहे. रिमोटचं बटण दाबून टीव्हीच्या तोंडाजवळ जातात आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडतात, "रेल्वे!" मग टीव्ही काहीतरी दाखवतो. ते सोडून सगळं दाखवतो असं म्हणा. एका फिल्मच्या शेपटीला दुसरी येते, दुसरीच्या शेपटीला तिसरी, आणि रेल्वेपासून निघालेला हा माणूस संध्याकाळपर्यंत गोगलगायी पाळणाऱ्या नवराबायकोच्या घरी पोचलेला असतो. तिथे चांगला रमतो. दुसऱ्या दिवशी फाटकावर आम्हाला त्या नवराबायकोची खुशाली कळते.

एकदा एक फिल्म लागली, तीत फक्त नासपतीचं एक झाड. उन्हाळा, पाऊस, बर्फ, आणि ते झाड. मला वाटलं भाऊंना झोप येईल. कुठली झोप! एक गोरा माणूस कात्री घेऊन झाडाकडे निघाला तसे भाऊ खुर्चीतून उठले. "अरे थांब, थांब, थो डोया नको कापू, थ्याच डोयातून फांदी फुटते." त्यानं तोच डोळा कापला. त्यानंतर कितीतरी दिवस भाऊंचं तोंड उतरलेलं होतं. सून मंदा विचारायला आली, "काकू, मामाजींनी घरात कोणाशी भांडण केलं नाही, तब्येत चांगली आहे, मग जेवत काहून नाहीत?" मी म्हटलं, नासपती.

दर रविवारी चार वाजता त्यांच्या पडवीत खरा पिच्चर असतो. आम्ही शेजारपाजारचे जातो. नियम कडक. आत येताना मोबाइल बंद करून दारातल्या टोपल्यात टाकायचा. टोपलं जुनं, बांबूचं, एका बाजूनं तारेनं शिवलेलं. मध्ये उठायचं नाही. पुढे पळवायचं नाही, कितीही रटाळ असो. आणि चहा केव्हा, तर शेवटी ती नावांची रांग वर चढून पार संपते तेव्हा. एवढी नावं, एकही वाचता येत नाही, तरी भाऊ हात मांडीवर ठेवून बसून राहतात. कोणी चुळबुळ केली तर म्हणतात, "घाई काहून करता? शेवटीबी कोनी दिसते कधीकधी."

पण खरी मजा निराळीच. फिल्ममधली भाषा आम्हा कोणालाच येत नाही. म्हणून भाऊ टीव्हीचा आवाज बारीक करतात आणि कोण काय बोलतंय ते स्वतः सांगतात. अगदी बेधडक. मिठाची बुढी बकरीकडे बघून काही पुटपुटली की भाऊ म्हणणार, "बुढी म्हनते, बाप्पा, मीठ पिकोनं सोपं हाय, सून संभाळनं कठीन."

आतून मंदाचा आवाज येतो, "मामाजी, त्या बुढीले सूनच नाही. एकटी राहते ते."

"काहून एकटी राहते? सूनेपायीच."

मंदा काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. त्या दिवशीच्या चहात साखर नसते. सूनही खरी आणि सासराही खरा, आम्ही मध्ये बसून अगोड चहा पितो.

माझ्या एक ध्यानात आलं होतं. पुरुषांची भाषणं भाऊ वेगवेगळी करतात. होडीवाला रागीट, घंटीवाला जरा आढ्यतेचा. पण म्हाताऱ्या, मग त्या बर्फातल्या असोत की वाळवंटातल्या, सगळ्या एकाच बाईसारख्या बोलतात. कमरेवर हात ठेवून बोलल्यासारख्या. आणि कोणी काही पुढे केलं, पावाचा तुकडा म्हणा, मासा म्हणा, की त्या हटकून म्हणतात, "खाऊन पाहा, मंग बोला."

हे वाक्य मला पाठ होतं. ते कौसल्येचं होतं.

कौसल्या म्हणजे भाऊंची बायको. जाऊन आता काही वर्षं झाली. मूर्तिजापूरला असताना बागेतले जांब टोपल्यात घालून स्टेशनवर विकायची. तेच ते तारेनं शिवलेलं टोपलं. शकुंतला, आमची ती बारक्या रुळांची गाडी, तेव्हा चालू होती. गाडी अशी निवांत, की माणसानं उतरून जांब घ्यावा, मीठ-तिखट लावून घ्यावं, भाव करावा आणि मग चालत जाऊन पुन्हा डब्यात चढावं. कोणी भावात घासाघीस केली की कौसल्या जांब त्याच्या हातात ठेवायची आणि म्हणायची, खाऊन पाहा, मंग बोला. इकडे अकोल्याला आली तरी सवय गेली नाही. माझ्या घरी भाजी घेऊन आली तरी तेच.

आता या बाईचं एक वेड होतं. फोटो काढू द्यायची नाही. कोणी मोबाइल उचलला की पदर तोंडावर, नाहीतर चुलीकडे पाठ. मुलाच्या लग्नाच्या आख्ख्या अल्बमात तिचं फक्त कोपर सापडतं. ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो मिळेना. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात तिचे डोळे असे वटारलेले, जसं काही तिला पकडून आणलंय. भाऊ त्या फोटोला हार घालतात, उदबत्ती लावतात, पण त्याच्याकडे बघत नाहीत. मला एकदा म्हणाले, "वैनी, हे कौसल्या नोय. हे आधार कार्ड हाय."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, ज्याच्यापायी हे सगळं चालू झालं.

शकुंतला चालू असतानाची गोष्ट. एक दिवस गोरे लोक कॅमेरे घेऊन मूर्तिजापूरच्या स्टेशनवर आले होते. गाडीची फिल्म काढायला. त्या संध्याकाळी कौसल्या घरी आली ती नाचतच. म्हणाली, मले कॅमेऱ्यात घेतलं, मी गोऱ्याले जांब देला, आन् काय बोललो मालूम हाय का? भाऊ तेव्हा बागेत पाणी देऊन आलेले, पाय चिखलात. म्हणाले, चूप बस, तुले कोन घेते. ती चूप बसली. नंतर कधी टीव्ही चालू असला की मध्येच म्हणायची, मी बी हाओ एका पिच्चरात, येईन तवा पाह्यजा. भाऊ म्हणायचे, हो, हिरोईनच होती तू. ती हसायची आणि विषय तिथेच संपायचा.

"थे खरं बोलत होती का, एवढंच पाह्यचं हाय मले," भाऊ म्हणाले. "आन् हालताना पाह्यचं हाय. आधार कार्ड हालत नाई."

फिल्मचं नाव माहीत नाही, देश माहीत नाही, वर्ष आठवत नाही. म्हणून रेल्वे म्हणून ओरडायचं आणि येईल ते पाहायचं. पुढे पळवायचं नाही, कारण पळवलेल्यातच ती निघून गेली तर? नावं संपेपर्यंत उठायचं नाही, कारण शेवटीबी कोणी दिसते कधीकधी. असं करता करता मिठाची बुढी सापडली, घंटीवाला सापडला, आणि माणूस त्यांच्यातही गुंतला.

माझी भाची रेवती अमरावतीला एका कॉलेजात शिकवते. एका रविवारी ती आमच्याकडे आली होती, तिलाही मी पडवीत नेऊन बसवलं. हसून हसून तिचे डोळे भरले. घरी आल्यावर मी तिला कौसल्येचं सांगितलं, तेव्हा हसणं थांबलं. तिच्या कॉलेजात अशा फिल्मा दाखवणारी मंडळी आहेत. तिनं त्यांच्यात विचारून ठेवलं. मी विसरूनही गेले होते. आणि एक दिवस तिचा फोन आला. "मावशी, लहान रुळांच्या गाड्यांवरची एक जुनी जर्मन फिल्म आली आहे. त्यात शकुंतला आहे. मूर्तिजापूरचं स्टेशन आहे. टोपल्या घेतलेल्या बाया आहेत. पण त्यातली कौसल्याकाकू कोणती, मी तर त्यांना पाहिलेलंच नाही." फिल्म कॉलेजच्या हॉलमध्येच दाखवायची परवानगी होती, पाठवता येत नव्हती. आम्हीच जायला हवं होतं.

मला वाटलं, सांगितल्यावर भाऊ टोपी उडवतील. ते म्हणाले, शनवारी जमत नाई, पाव्हने येनार हायेत. पाहुणे आले नाहीत. मग म्हणाले, गुडघा धरला. मग म्हणाले, जर्मनीचे पिच्चर चांगले नसतात. जो माणूस नासपतीसाठी जेवण सोडतो त्याला जर्मनीचं वावडं! शेवटी मंदानंच कपडे इस्त्री करून त्यांच्यासमोर ठेवले आणि विचारलं, "मामाजी, खरं सांगा, काहून नाही म्हणता?"

भाऊ बराच वेळ नाडी आत कोंबत राहिले. मग म्हणाले, "थ्यात नसली तं?"

मंदा म्हणाली, "नसल्या तर पुन्हा शोधू. मी बी बसते आता शोधायले." त्या दिवशी चहात साखर दुप्पट होती.

आम्ही गाडीनं निघालो. भाऊ, मंदा, मी. पिशवीत जांब आणि भाऊंच्या मांडीवर ते टोपलं. टोपलं कशाला म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "नियम तो नियम." मूर्तिजापूर आलं तेव्हा ते खिडकीतून बाहेर न बघता समोरच्या बाईला जांब कापून देत बसले. बडनेऱ्याला उतरून ऑटो केला.

कॉलेजच्या हॉलच्या दारात हा माणूस टोपलं घेऊन उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येक पोरापोरीचा मोबाइल गोळा करायला लागला. प्राध्यापक मंडळींचेही घेतले. एका सरांनी विचारलं, आपण कोण, तर म्हणाले, "मी अकोल्याहून पाह्यले आलो. मन लावून पाह्यचं असन तं टाका." सरांनी मुकाट्यानं टाकला.

फिल्म चालू झाली. वर एक जर्मन बाप्या जाड आवाजात सारखा बोलतोय, खाली त्याच्याच बोलण्याचं इंग्रजी उमटतंय. आधी कुठल्याशा डोंगरातली गाडी, मग उसाच्या मळ्यातली. आणि भाऊंना राहवलं नाही. हळूच सुरू झाले. "ड्रायव्हर म्हनते, घाई असन तं पायदल जा." पुढच्या रांगेतली मुलं मागे वळून बघायला लागली. एका मुलीनं शूऽ केलं. मग तीच हसली. थोड्या वेळानं मागून कोणीतरी म्हणालं, काका, जरा जोरात. भाऊ टोपी सरळ करून जोरात बोलू लागले. जर्मन बाप्याचं कोणी ऐकेना.

मग शकुंतला आली. हॉलमधल्या वऱ्हाडी पोरांनी एकच गलका केला. गार्ड खाली उतरला, फाटक लावायला गेला. "गार्डाची बायको म्हने, घरचं फाटक कोन लावन?" भाऊ म्हणाले, आणि सगळे हसले. मग मूर्तिजापूरचं स्टेशन. ऊन, कडुनिंबाची सावली, टोपल्या घेऊन बसलेल्या बाया. कॅमेरा जवळ आला तसे एकेकीचे पदर तोंडावर गेले. एकीनं पाठ फिरवली. मी म्हटलं, हीच असेल, पाठच दिसायची होती.

नव्हती. पुढची बाई पदर सारखा करून चक्क उठली. एक जांब पदराला पुसला आणि कॅमेऱ्यापुढे धरला. इतका जवळ, की पडद्यावर नुसता हिरवा-पिवळा गोळा. मग तो जरा बाजूला झाला आणि मागून तिचा चेहरा आला. तरणी, घामेजलेली, हसणारी. कौसल्या. तिनं मान वाकडी करून काहीतरी म्हटलं, एक वाक्य, मग आणखी एक, आणि पुन्हा हसली. पण वरून तो जर्मन रुळांची रुंदी का काय ते सांगत होता. तिचा आवाज त्याच्याखाली दबून गेला होता. नुसते ओठ हलत होते.

आख्खा हॉल भाऊंसाठी थांबला. मागचा एक मुलगा म्हणाला, "काका, मावशी काय म्हणून राह्यली?"

भाऊ तिच्या ओठांकडे बघत होते. मंदानं माझा हात धरला होता. पडद्यावर गाडी हलली, कौसल्या मागे मागे गेली, टोपल्या मागे गेल्या, नुसता धूर राहिला. पुढच्या गाड्यांनाही कोणी आवाज दिला नाही. नावं वर चढायला लागली. त्या दिवशी हॉलमधलं एकही पोरगं नावं संपेपर्यंत उठलं नाही.

दिवे लागल्यावर मी म्हटलं, "भाऊ, मला तर वाटतं ती म्हणाली, खाऊन पाहा, मंग बोला."

"थे तं म्हनलीच असन," भाऊ म्हणाले. "पन थ्याच्या मांगून दुसरंबी म्हनली. ते सांगाले आल्ती घरी. म्या आयकलं नाई." मग टोपल्यातले मोबाइल परत वाटायला उठले. जाता जाता म्हणाले, "जगातल्या समद्या बुढ्यायच्या तोंडी म्या माह्ये बोल घातले, वैनी. तिच्या तोंडी नाई घालत."

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आलं तेव्हा ते खिडकीशी बसले होते.

मला वाटलं, आता रविवार बंद. जे शोधायचं ते सापडलं. पुढच्या रविवारी मी दुपारी लोळत पडले होते, तर फाटक वाजलं. "वैनी, चाला. आज एक बुढी हाय, डोंगरात चिठ्ठ्या वाटत फिरते."

मी म्हटलं, भाऊ, आता कोणाला शोधता?

"मी नाई शोधत," ते म्हणाले. "पन थ्या बुढीचंबी कोनी असनच ना. त्याले हे पिच्चर भेटलं नसन अजून. भेटे तवर आपुन पाहू."

मी मोबाइल टोपल्यात टाकला आणि माझ्या खुर्चीत बसले. फिल्म सुरू झाली. बुढी काठी टेकत डोंगर चढली, एका दारापुढे उभी राहिली आणि आतल्या माणसाशी बोलायला लागली. भाऊंनी रिमोट उचलला. मला वाटलं, आवाज बारीक करतात. त्यांनी वाढवला. म्हातारी तिच्या भाषेत खूप काही बोलत होती, आणि पडवीत दुसरा आवाज नव्हता.

स्वयंपाकघरातून मंदानं विचारलं, "मामाजी, चूप काहून झाले? काय म्हणते बुढी?"

"थांब," भाऊ म्हणाले. "आयकून राह्यलो."